ख्रिस्ती प्राथमिक शाळेचे पहिले कर्तव्य

जून महिन्यात शाळा उघडल्या की मुख्याध्यापकांच्या मेजावर एक मोठा कागद पसरला जातो, त्यावर उभ्याआडव्या रेघा आखल्या जातात आणि वर्षभराचे वेळापत्रक तयार होते. हे काम इतके नेहमीचे आहे की विचार करण्याजोगा विषय म्हणून त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु शाळेच्या उद्देशपत्रिकेत काहीही लिहिलेले असो, ती शाळा कोणत्या गोष्टीस खरोखर मान देते हे जाणून घ्यावयाचे असेल तर ह्या कागदाकडेच पाहावे लागते. ज्या विषयास सकाळचा ताजा वेळ मिळाला तो शाळेच्या मनात पहिला. ज्या विषयाचा तास स्नेहसंमेलनाच्या तयारीसाठी किंवा कवायतीसाठी निःशंकपणे काढून घेता येतो तो शेवटचा. ह्या दृष्टीने आपल्या ख्रिस्ती संस्थांच्या प्राथमिक शाळांतील अभ्यासक्रमाविषयी काही विचार वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हायस्कूलच्या वार्षिकात प्राथमिक शाळेची चर्चा कशास हवी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, प्राथमिक शाळेत जे पेरले जाते त्याचेच पीक हायस्कुलास मिळते. दरवर्षी पाचवीच्या वर्गात निरनिराळ्या शाळांतून मुले येतात. त्यांतील कित्येक मुले हुशार, स्वच्छ व नम्र असतात. त्यांस प्रभूची प्रार्थना इंग्रजीत मुखोद्गत असते. इंग्रजी गीते ती तालासुरात म्हणतात. परंतु त्या प्रार्थनेतील एखाद्या वाक्याचा अर्थ आपल्या भाषेत सांग, असे म्हटले की ती गप्प होतात. मराठीचे पुस्तक हाती दिले तर जोडाक्षरापाशी अडखळतात, आणि एक परिच्छेद वाचून झाल्यावर त्यात काय सांगितले आहे असे विचारले तर पुन्हा पहिल्या ओळीकडे पाहू लागतात. चार वर्षे शाळेत काढूनही एकही भाषा पुरती हाती आलेली नाही, अशी ही स्थिती आहे. हा दोष मुलांचा नव्हे. आणि शिक्षकांचा म्हणावा तर तेही एका विशिष्ट अपेक्षेच्या दडपणाखाली काम करीत असतात. दोष आहे तो अभ्यासक्रमात कशास अग्रस्थान द्यावे ह्याविषयीच्या आपल्या समजुतीचा.

ह्या महाराष्ट्रात ख्रिस्ती शाळा कशासाठी निघाल्या ह्याचे स्मरण येथे करणे अप्रस्तुत होणार नाही. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईस उतरले. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी पुढील काही वर्षांत दोन कामे बरोबरीने हाती घेतली. एक, मुलांसाठी मराठी शाळा काढणे. दुसरे, शास्त्राचे मराठी भाषांतर करून ते छापणे. मराठी नवा करार त्यांनी १८२६ साली प्रसिद्ध केला. ही दोन कामे वरवर निराळी दिसली तरी मुळात एकच होती. मनुष्याने शास्त्र दुसऱ्याच्या तोंडून न ऐकता स्वतः वाचावे, स्वतःच्या भाषेत वाचावे आणि स्वतः त्याचा विचार करावा, ही त्यामागची भूमिका होती. म्हणून जेथे मंडळी तेथे शाळा आणि जेथे शाळा तेथे प्रथम वाचन, असा क्रम पडला. मिस सिंथिया फरार ह्या अविवाहित बाई १८२७ साली अमेरिकेहून मुंबईस आल्या, १८३९ साली अहमदनगरास म्हणजे आजच्या अहिल्यानगरास गेल्या आणि १८६२ साली मृत्यू येईपर्यंत मुलींच्या शिक्षणात झटत राहिल्या. ज्या काळी मुलीने अक्षर गिरविणे हेच अनेकांस अशुभ वाटे, त्या काळी त्यांनी मुलींच्या हाती पुस्तक दिले, ही गोष्ट लहान नव्हे.

मराठीविषयीचे हे प्रेम प्रॉटेस्टंट मिशनांपुरतेच होते असेही नाही. फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेजुइटाने गोव्यात राहून ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. परदेशातून आलेल्या एका धर्मगुरूस आपल्या श्रोत्यांच्या मनापर्यंत जाण्यासाठी त्यांचीच भाषा शिकावी, इतकेच नव्हे तर तिच्यात काव्य करावे असे वाटले. त्याच्यानंतर तीनशे वर्षांनी पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे आयुष्याची अखेरची वर्षे बायबलाचे सोपे मराठी भाषांतर करण्यात वेचली. आधीची भाषांतरे उपलब्ध असताना त्यांनी हे कष्ट का घेतले? संस्कृत जाणणाऱ्या ह्या विदुषीस अवघड शब्दांचे वावडे असण्याचे कारण नव्हते. परंतु खेड्यातील साध्या बाईस वाचताच समजेल असे मराठी त्यांस हवे होते. १९२२ साली मृत्यूपूर्वी त्यांनी हे काम पुरे केले. समजणे हीच वाचनाची खरी कसोटी, हे तत्त्व त्यांनी आपल्या श्रमांनी सिद्ध करून दाखविले.

ह्या इतिहासाच्या प्रकाशात आजच्या कित्येक शाळांतील चित्र पाहिले म्हणजे मन खिन्न होते. ज्या शाळा समजून वाचण्यासाठी स्थापन झाल्या त्यांतच न समजता म्हणण्याची सवय मुलांस लागत आहे. न समजलेले वचन पाठ म्हणणारे मूल धर्माच्या जवळ आले असे मानणे हा भ्रम आहे; आणि न समजलेला इंग्रजी धडा घोकणारे मूल विद्येच्या जवळ आले असे मानणे हा दुसरा भ्रम आहे. दोन्हींचे मूळ एकच होय. अर्थ आधी आणि पाठांतर मागून, हा क्रम उलटला की धर्मशिक्षण व भाषाशिक्षण ही दोन्ही एकदमच निष्फळ होतात.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते क्षुल्लक नाही. इंग्रजी ही आज भाकरीची भाषा आहे. आपल्या समाजातील गरीब आईबाप पोटास चिमटा घेऊन मुलास इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतात. त्यांस मराठीची थोरवी सांगणारे पुष्कळ लोक आपली स्वतःची मुले मात्र इंग्रजी शाळेत पाठवितात, असे ते म्हणतात. ह्यात सत्य आहे. ह्या प्रश्नाचा इतिहासही त्यांच्या बाजूने थोडी साक्ष देतो. अमेरिकन बोर्डाचे मंत्री रूफस अँडरसन हे १८५४-५५ साली हिंदुस्थानात आले असता मिशनचे शिक्षण देशी भाषेतूनच असावे असा त्यांनी आग्रह धरला आणि त्यानंतर मराठी मिशनच्या शाळांत इंग्रजीचे शिक्षण आवरते घेण्यात आले. खेडोपाडीच्या मंडळ्यांस साधे पाळक व शिक्षक मिळावेत एवढाच शाळांचा हेतू धरला तर हे धोरण सुसंगत होते. परंतु ज्या मुलांस इंग्रजीच्या बळावर पुढे जाता आले असते त्यांची वाट त्याने अरुंद केली, हे नाकारता येणार नाही. त्याच सुमारास, १८५४ साली, सावित्रीबाई फुले ह्यांनी ‘काव्यफुले’ ह्या संग्रहात शूद्रातिशूद्रांस इंग्रजी शिकण्याचा कळकळीने उपदेश केला. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन केले त्यातही गोरगरिबांच्या प्राथमिक शिक्षणाकडे सरकार दुर्लक्ष करते, ही त्यांची मुख्य तक्रार होती. तेव्हा मातृभाषेचे नाव पुढे करून गरिबाच्या मुलास इंग्रजीपासून दूर ठेवणे हा अन्याय आहे, असे आम्हीही मानतो.

परंतु सावित्रीबाईंनी इंग्रजीचा हा उपदेश मराठी कवितेत केला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. जिला स्वतःच्या भाषेत विचार करता येतो तीच दुसऱ्या भाषेचे मोल ओळखू शकते. प्रश्न इंग्रजी हवी की नको असा नाहीच. ती केव्हा आणि कोणत्या रीतीने यावी, एवढाच प्रश्न आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी हा विषय शिकविला जातो. म्हणजे इंग्रजी शिकविण्यासाठी मराठीस शाळेबाहेर घालविलेच पाहिजे, हे म्हणणे आता टिकत नाही. १९२०च्या राष्ट्रीय आंदोलनापासून ते २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणापर्यंत जाणत्या लोकांनी प्राथमिक वर्गांत मातृभाषेवर भर दिला, तो केवळ अभिमानापोटी दिला असे समजू नये. त्यास वर्गातील अनुभवाचा आधार आहे.

तो अनुभव काय सांगतो ते पाहू. सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा त्याजपाशी बोलीचे मोठे भांडवल आधीच असते. आई, विहीर, शेळी, पाऊस, भाकरी हे शब्द त्यास कोणी शिकवावे लागत नाहीत. त्यास शिकावयाची असते ती केवळ ह्या परिचित ध्वनींची खूण. देवनागरीत अक्षर आणि उच्चार ह्यांचा संबंध बहुतांशी सरळ आहे. मुळाक्षरे, बाराखडी आणि मग जोडाक्षरे ह्या पायऱ्या नीट चढविल्या तर मूल नवा शब्दही स्वतः उलगडू शकते, आणि उलगडलेला शब्द त्याच्या ओळखीचा निघतो तेव्हा त्याच्या तोंडावर जो आनंद दिसतो तोच वाचनाच्या गोडीचा उगम होय. इंग्रजीत ह्याच्या उलट घडते. तेथे शब्द अनोळखी, त्याचे लेखन उच्चाराशी फारकत घेणारे, आणि उलगडून हाती आलेला अर्थही परका. एकाच वेळी तीन ओझी सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ठेविली तर ते घोकंपट्टीचा आश्रय करील, ह्यात नवल नाही. ज्यास एका भाषेत अर्थ शोधीत वाचण्याची सवय लागली ते मूल तीच सवय दुसऱ्या भाषेत घेऊन जाते. ज्यास ती कोठेच लागली नाही ते दोन्हींकडे रिकाम्या हाताने उभे राहते.

ह्या रिकाम्या हातांची संख्या पूर्वी किती मोठी होती हे हार्टॉग समितीच्या १९२९च्या अहवालावरून कळते. १९२२-२३ साली पहिल्या इयत्तेत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ साली चौथ्या इयत्तेत केवळ १८ राहिली होती. बाकीची कोठे गेली? शेतावर, गुरांमागे, घरकामाला. आणि जे थोडे अक्षरज्ञान मिळाले होते तेही वाचनाअभावी लवकरच पुसले गेले. आज मुले शाळेतून इतक्या लवकर गळत नाहीत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु वर्गात नाव आहे आणि वाचता येत नाही, अशी नव्या तऱ्हेची गळती आता होत आहे. पूर्वीच्या गळतीत बाक रिकामा दिसे. ह्या गळतीत तो भरलेला दिसतो, म्हणून ही अधिक फसवी आहे.

धर्मशिक्षणाच्या तासाविषयी थोडे स्पष्ट लिहिणे जरूर आहे. आपल्या अनेक शाळांत ख्रिस्ती मुलांहून अन्य धर्मांच्या मुलांची संख्या अधिक असते. मान्यताप्राप्त किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणत्याही मुलास पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणास बसविता येत नाही, असे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८मध्ये सांगितले आहे. ही मर्यादा ख्रिस्ती शाळेने आनंदाने पाळावी, कारण बळाने दिलेले शिक्षण धर्माचे नसते. मात्र जी मुले ह्या तासास बसतात त्यांस काय दिले जाते, हा विचार आपणच केला पाहिजे. जुन्या मिशन शाळांत प्रश्नोत्तरावली घोकून घेण्याची चाल होती. ती गेली, परंतु तिच्या जागी इंग्रजी वचनांची घोकणी आली असेल तर सुधारणा कोठे झाली? येशूने स्वतः खेड्यातील लोकांस दाखले सांगितले. पेरणारा, हरवलेले मेंढरू, शेजाऱ्याच्या जखमा बांधणारा शोमरोनी, ह्या गोष्टी आमच्या मातीतील मुलास समजावून सांगाव्या लागत नाहीत. त्या मराठीत सांगाव्या, मुलाकडून त्याच्या शब्दांत पुन्हा सांगवून घ्याव्या, आणि ‘ह्या गोष्टीतला शेजारी कोण?’ एवढा एकच प्रश्न विचारून थांबावे. ज्या मुलाने आपल्या शब्दांत उत्तर दिले त्याचा भाषेचा व नीतीचा तास एकदमच पार पडला.

हेच तत्त्व इतर विषयांसही लागू आहे. गणितात मुले अडतात ती पुष्कळदा आकड्यांमुळे नव्हे तर उदाहरणाची भाषा न समजल्यामुळे. हस्तव्यवसाय व बागकाम हे रिकाम्या वेळेचे विषय समजले जातात. परंतु वाफा मोजणे, बी किती लागले ते लिहून ठेवणे, पहिले पान कधी फुटले त्याची नोंद करणे, ह्यांत वाचन, लेखन व गणित ही तिन्ही अंतर्भूत होतात. पंजाबात मोगा येथील मिशन शाळेत मॅकी ह्या शिक्षकाने १९२०च्या सुमारास हाच मार्ग चोखाळला होता, आणि १९३७ साली वर्ध्यास मूलोद्योगी शिक्षणाची योजना निघण्यापूर्वीच तो अनेकांच्या दृष्टीस आला होता. गायनाचेही तसेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची मराठी भजने आपल्या मंडळ्यांत आजही गायिली जातात. ती मुलांस शिकविली तर उच्चार शुद्ध होतो, शब्दसंग्रह वाढतो आणि गाताना अर्थही कळतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस रीतसर शाळा लाभली नव्हती. तरी त्यांच्या हातून ‘स्मृतिचित्रे’ लिहून झाले, आणि घरगुती मराठीत केवढे सामर्थ्य आहे हे साऱ्या महाराष्ट्रास दिसले. आपल्या शाळेतील किती मुलांस हे नाव तरी ठाऊक आहे?

आता प्रत्यक्ष सूचना. पाठ्यपुस्तके व विषय राज्याने ठरविलेले असतात आणि ते तसेच असावेत. परंतु वेळेची वाटणी, शिकविण्याची रीत, वाचनालयातील पुस्तके आणि सकाळची प्रार्थना ही तर शाळेच्या हाती आहेत. पहिल्या दोन इयत्तांत सकाळचा पहिला सलग तास मराठी वाचनासाठी राखून ठेवावा आणि कोणत्याही समारंभासाठी तो मोडू नये. इंग्रजी रोज असावी, परंतु पहिली दोन वर्षे ती कानाने व तोंडाने शिकवावी. वहीवर तिचे ओझे मागाहून टाकावे. प्रार्थना व वचने ज्या भाषेत मूल घरी बोलते त्या भाषेत आधी असावीत. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाने पूर्वी न पाहिलेले एक साधे पान वाचून त्यातील मजकूर आपल्या शब्दांत सांगावा, ही शाळेची मुख्य परीक्षा समजावी. आणि ज्यास ते जमले नाही त्यासाठी शाळेतील सर्वांत अनुभवी शिक्षक नेमावा. आज बहुधा उलट होते. अनुभवी शिक्षक वरच्या वर्गास आणि नवखा पहिलीस, अशी वाटणी केली जाते. इंग्रजी माध्यमाच्या ख्रिस्ती शाळांनीही आपला मराठीचा तास केवळ २०२०च्या कायद्याची पूर्तता म्हणून उरकू नये. त्या तासाच्या द्वारे मूल आपल्या आजीशी, शेजाऱ्याशी व मंडळीशी जोडलेले राहते.

संस्थाचालकांची अडचण आम्हांस ठाऊक आहे. पट घटला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षकाची जागा जाते. शेजारी इंग्रजी फलक लागला की पालक तिकडे वळतात. ह्या भीतीपोटी कित्येक जुन्या मराठी मिशन शाळांनी माध्यम बदलले आणि काही बंद पडल्या. पालकांस दोष देऊन हा ओघ थांबणार नाही. परंतु ‘आमच्या शाळेत तिसरीचे प्रत्येक मूल मराठी समजून वाचते आणि इंग्रजीत निर्भयपणे बोलू लागते’ असे ज्या शाळेस वर्षाअखेरीस पालकांपुढे मुलांकडून प्रत्यक्ष करून दाखविता येईल, तिला फलकाची भीती बाळगण्याचे फारसे कारण उरणार नाही. गरीब पालकास प्रतिष्ठेपेक्षा परिणाम अधिक लवकर ओळखता येतो, असा आमचा विश्वास आहे.

ह्या वार्षिकाचे वाचक म्हणजे आजी-माजी विद्यार्थी, शिक्षक, पाळक व पालक. त्यांतील पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या प्राथमिक शाळेच्या कमिटीवर असतील, कोणी तेथे शिकवीत असतील, कोणाची मुले तेथे जात असतील. त्यांस आमची नम्र विनंती अशी की, येत्या जूनमध्ये आपल्या शाळेचे वेळापत्रक एकदा मागून घ्यावे आणि पहिलीच्या रकान्यात पहिला तास कोणाचा आहे ते पाहावे. मग त्याच वर्गातील सर्वांत मागे राहिलेल्या मुलाजवळ बसून त्यास एक गोष्ट वाचावयास सांगावी. त्यास ती वाचता आली आणि सांगता आली, तर ती शाळा आपल्या नावास जागली असे खुशाल समजावे. न आल्यास उरलेली सर्व वैभवे, मग ती इमारत असो, बॅण्ड असो की निकालाचे आकडे असोत, थोडी बाजूस ठेवून त्या एका मुलाच्या वाचनाची व्यवस्था प्रथम करावी.